चौथा प्रकार

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे मेथी निवडणं. निवडत ती होती. माझ्या हातात तिचं दहावीचं विज्ञानाचं पुस्तक होतं आणि मी तिच्याकडून धडा म्हणून घेत होतो. संध्याकाळची वेळ, विश्रांतवाडीतली आमची दीड खोली, खाली आळंदी रस्त्यावर गाड्यांची बोंबाबोंब. मेथीत माती फार होती. ती दर जुडीमागे भाजीवाल्याच्या नावानं काहीतरी पुटपुटत होती आणि अधूनमधून मला उत्तर देत होती.

"रासायनिक अभिक्रियांचे प्रकार किती?"

"चार."

"कुठले?"

"संयोग. अपघटन. विस्थापन."

"आन चौथा?"

तिनं हातातली जुडी परातीत ठेवली आणि हसायला लागली. हसली म्हणजे कशी, तर आवाज बंद आणि खांदे हलतायत. डोळ्यांत पाणी आलं तेव्हा पदर तोंडाला लावला. पदराला मेथीची माती होती, ती गालाला लागली.

"काय झालं खुळ्यागत?"

"दुहेरी विस्थापन," ती कशीबशी म्हणाली.

"नाव सांगितलंस. म्हणजे काय ते सांग."

"ते उद्या सांगते."

"आत्ता काय धाड भरली?"

"आत्ता सांगितलं तर तुम्हाला राग यायचा."

"राग यायला ते रसायन हाय का शिवी?"

ह्यावर ती आणखीनच हसली आणि परात उचलून मोरीकडं गेली. मी पुस्तक मिटलं. जेवायला मेथीची भाजी आणि भाकरी होती. भाजीत कचकच लागली तसं मी बोललो, ती म्हणाली, उद्यापासून तुम्ही निवडा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वर्गाला जायला निघाली. पर्स खांद्याला, पाण्याची बाटली हातात. खाली उतरताना जिन्यातच बसली. शेजारणीनं मला हाक मारली तोवर ती भिंतीला टेकलेली होती. रिक्षात घालून दवाखान्यात नेली. डॉक्टरनं मनगट धरलं, डोळ्यांत बॅटरी मारली आणि मला बाहेर बसायला सांगितलं. बाहेर बसायला सांगतात तेव्हा काय ते कळतं. त्याला शिक्षण लागत नाही.

माझं शिक्षण चौथी. आमचं गाव खडकवासल्याच्या वर, डोंगरात. तिथं दुसरं धरण झालं आणि गाव पाण्यात गेलं. शाळाही गेली. लोक विचारतात, चौथीतच शाळा का सोडलीत? मी सांगतो, मी नाही सोडली, शाळाच बुडाली. पुढं पुण्यात आलो आणि रंगकामात शिरलो. तेव्हा रंग म्हणजे चुनाच. मोठमोठ्या घरांच्या भिंती मी चुन्यानं पांढऱ्या केल्या. नंतर डब्यातले रंग आले, मग गुडघे गेले आणि मी घरी बसलो. बायको चार घरी स्वयंपाक करायची, तीही पुढं घरी बसली.

दोघंही घरी बसल्यावर एक गोष्ट कळली. बोलायला काही उरलं नव्हतं. भांडण होतं असं नाही. गॅस आला का, पाणी आलं का, मुलाचा फोन आला का, एवढं झालं की दिवसाचं बोलणं संपायचं. मग टीव्ही बोलायचा, आम्ही ऐकायचो. अशी किती वर्षं गेली ते मी मोजलेलं नाही.

एक दिवस ती नारायण पेठेत गेली आणि दहावीला बाहेरून बसणाऱ्या बायकांच्या वर्गात नाव घालून आली. तिची सातवी झालेली होती.

मी म्हणालो, "आता ह्या वयात कशाला?"

"वेळ जात नाही."

"टीव्ही हाय की."

"म्हणूनच."

मराठी, इतिहास, गणित तिचं तिनं केलं. विज्ञानाशी तिचं जमेना. बाईंनी सांगितलं होतं, घरी कोणाला तरी समजावून सांगा, म्हणजे स्वतःला कळतं. घरी कोणाला तरी म्हणजे मी. दुसरं कोण होतं?

तर माझं ते शिक्षण असं सुरू झालं.

पहिला प्रकार संयोग. ती म्हणाली, "दोन वस्तू एकत्र येतात आणि त्यांची मिळून एकच तिसरी होते. तुम्ही आयुष्यभर केलंय हे."

"मी? कधी?"

"कळीचा चुना भिजवायचात तेव्हा."

कळीचा चुना म्हणजे पांढरे दगड. पिंपात टाकायचे आणि वरून पाणी सोडायचं. मग ते पिंप असं खदखदतं की जवळ उभं राहवत नाही. खाली जाळ नाही, काही नाही, आणि वाफा. आम्हाला एवढंच ठाऊक, की डोळ्यात उडाला तर डोळा गेला. ती म्हणाली, चुना आणि पाणी एक झालं, आता त्यात वेगळं पाणी नाही आणि वेगळा दगड नाही, आणि एक होताना जी ऊब निघते ती ही. मी म्हणालो, हे एवढं सांगायला धडा कशाला? ती म्हणाली, मग इतकी वर्षं मला का नाही सांगितलंत?

दुसरा प्रकार मी आधी चुकीचाच वाचला. पुस्तक माझ्या हातात होतं. मी वाचलं, "अपघात अभिक्रिया."

"अपघटन," ती म्हणाली.

"तेच की. एकानं दुसऱ्याला ठोकलं."

"अहो, कोणी कोणाला ठोकत नाही. एकच वस्तू असते, ती तापवली की फुटून तिच्या दोन होतात."

तिनं जुन्या पळीत साखर घेतली आणि गॅसवर धरली. साखर वितळली, पिवळी झाली, मग तांबूस, मग फुगून काळी. पाण्याची वाफ उडाली आणि खाली कोळसा राहिला. "बघा, साखरेत हे दोन्ही होतं," ती म्हणाली. मी काळ्या पळीकडं बघत होतो. इतक्या वर्षांचा चहा आठवला. तेवढा कोळसा पोटात गेला म्हणायचा. मी तसं म्हणालो, तर ती म्हणाली, "त्याशिवाय का तुम्ही आतून असे." ती पळी नंतर घासून निघाली नाही.

तिसरा प्रकार विस्थापन. हा शब्द मला कोणी शिकवायला नको होता. आमच्या कागदांवर तोच आहे.

तिनं काचेच्या पेल्यात मोरचुदाचं निळं पाणी केलं आणि त्यात एक लोखंडी खिळा सोडला. जरा वेळानं म्हणाली, "हे बघा. ह्या पाण्यात तांबं आहे. पण लोखंड त्याच्यापेक्षा जोरदार. ते पाण्यात शिरतं आणि तांब्याला म्हणतं, ऊठ, ही जागा माझी."

"म्हणजे तांबं धरणग्रस्त."

"तुम्हाला सगळीकडं धरणच दिसतं."

"विस्थापन म्हणजे दुसरं काय असतं? त्याला नोटीस तरी दिली का?"

"लोखंड नोटीस देत नसतं."

"आम्हाला दिली होती. वाचता कोणाला येत होती! आन पुनर्वसन कुठं केलं त्याचं?"

तिनं खिळा दोऱ्यानं वर ओढला. त्याच्यावर लालसर थर चढला होता. "हे काय इथं. खिळ्याच्याच अंगावर."

"चांगली जागा मिळाली की," मी म्हणालो. "आम्हाला माळ मिळाला."

असं आमचं चाललं होतं. एका धड्याला आम्ही कितीतरी दिवस लावले, कारण घाई कोणाला होती? सकाळी ती वर्गाला जायची, आली की मी विचारायचो, आज काय? हा प्रश्न मी तिला उभ्या जन्मात विचारला नव्हता.

म्हणून चौथ्या प्रकारावर ती का हसली ते मला कळेना. माझ्या हिशेबानं दुहेरी विस्थापन म्हणजे दोनदा उठवणं. आम्हाला दोनदाच उठवलं. एकदा गावातून धरणासाठी, आणि एकदा कालव्याकाठच्या झोपडपट्टीतून रस्त्यासाठी. दुसऱ्या वेळी ती माझ्याबरोबर होती. भांडी पोत्यात भरून आम्ही दोघं हातगाडीमागे चाललो होतो. त्यात डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसण्यासारखं काय होतं? आणि मला राग कशाचा येणार होता?

ती गेल्यावर लोक आले. वंदना झाली, पुण्यानुमोदन झालं. भंतेजी म्हणाले, सगळं अनित्य आहे. मी मान हलवली. आमच्यात पिंड नाही आणि कावळाही नाही, त्यामुळं तिची काही इच्छा राहिली का, हे विचारायचीही सोय नाही. तशी तिची राहिली नसणारच. राहिली होती ती माझी. मला चौथा प्रकार पाहिजे होता.

लोक गेले आणि खोली मोठी झाली. दीड खोली मोठी होते हे कोणाला सांगून पटायचं नाही. मी पुस्तक काढलं. मराठी मी वाचतो, बोट ठेवून, पण वाचतो. त्या धड्यात मात्र मध्येच इंग्रजी अक्षरं येतात, त्यांच्या पायाशी बारके आकडे, आणि मध्ये बाण. तिथं पुस्तक माझ्याकडं पाठ फिरवतं. ती होती तेव्हा ती त्या बाणावर बोट ठेवून म्हणायची, "हे ह्याचं हे झालं." आता बाण नुसताच कुठंतरी चाललाय.

मुलाला विचारलं. तो वाकडला राहतो, कॉम्प्युटरमध्ये आहे. रविवारी आला होता.

"बाबा, सिंपल आहे. ए-बी प्लस सी-डी इज इक्वल टु ए-डी प्लस सी-बी. डन."

"मला एबीसीडी येत नाही."

"अहो, एबीसीडी म्हणजे तशी एबीसीडी नाही. एक्झाम्पल आहे ते."

"कशाचं?"

त्यानं कपाळावर हात मारला. मग म्हणाला, "यूट्यूबवर भरपूर आहे. लिंक पाठवतो. पण तुम्हाला आता हे कशाला पाहिजे? आमच्याकडं या राहायला. इथं एकटे बसून डोकं फिरेल."

"चौथा प्रकार कळला की येतो."

"कसला चौथा प्रकार?"

त्याला वाटलं, डोकं फिरायला सुरुवात झाली. त्यानं लिंक पाठवली. तो माणूस हिंदीत ओरडत होता आणि दर मिनिटाला सबस्क्राइब करा म्हणत होता. मी बंद केलं. पोराचं चुकलं असं मी म्हणत नाही. त्यानं उत्तर दिलं. पण हसायचं काय होतं, ते एबीसीडीत कुठं सांगितलंय?

शेवटी मी तिच्या वर्गालाच गेलो. बस बदलून नारायण पेठेत उतरलो, विचारत विचारत गल्ली काढली. खाली वह्यापुस्तकांचं दुकान, वर एक लांबट खोली. आत बायकाच बायका. कोणी माझ्या सुनेच्या वयाची, कोणी माझ्या वयाची. फळ्यापुढं पांढऱ्या केसांच्या बाई. मी दारात उभा राहिलो तसा वर्ग गप्प झाला.

"आपण?" बाई म्हणाल्या.

"विश्रांतवाडीहून यायची, तिचा मी मालक."

बाईंनी खडू खाली ठेवला. "बसा," म्हणाल्या. "आम्हाला कळलं. यायला हवं होतं, पण पत्ता नीट नव्हता. काही सामान राहिलंय का त्यांचं?"

"सामान नाही. चौथा प्रकार राहिलाय."

"कशाचा?"

"रासायनिक अभिक्रियांचा. तीन तिनं सांगितले. चौथा उद्या सांगते म्हणाली होती."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. एकीनं खाली मान घातली. बाई माझ्याकडं जरा वेळ बघत राहिल्या. पुण्यातल्या बाई, त्यांच्या बघण्यानंही आपण ताठ बसतो.

"बरं," त्या म्हणाल्या. "आज दुसरं घेणार होते. पण ह्या सगळ्यांनाही उजळणी होईल, कोणी घरी पुस्तक उघडलं असेल असं मला वाटत नाही."

त्यांनी टेबलावर दोन पेले ठेवले. दोन्हींत पाणी, अगदी नितळ. "ह्यात चुन्याची निवळी आहे. ह्यात धुण्याचा सोडा विरघळवलाय. दिसायला काही फरक?"

"नाही."

त्यांनी एकातलं दुसऱ्यात ओतलं. पेला दुधासारखा पांढरा झाला. असा एकदम, की मी पुढं वाकलो.

"हात घालू नका, झोंबेल. आता ऐका. निवळीत कॅल्शियम असतं आणि त्याचा एक जोडीदार. सोड्यात सोडियम असतं आणि त्याचाही एक जोडीदार. दोघं एका पेल्यात आले की आपापले जोडीदार बदलतात. ह्याचा त्याच्याकडं, त्याचा ह्याच्याकडं. कॅल्शियमची जी नवी जोडी जमते ती पाण्यात विरघळत नाही, ती खाली बसते. तो साका. एवढंच."

एवढंच होतं. कोणाला कुठून उठवलं नव्हतं. जोड्या बदलल्या होत्या. मागच्या बाकावर कोणीतरी फुसकन हसलं आणि लगेच खोकल्यासारखं केलं.

"हसायला काय झालं?" मी विचारलं.

मग मंडईत भाजी विकणारी एक आडव्या अंगाची बाई उठली. "बाई, सांगू का?"

"तुम्ही सांगणारच. परवानगी कशाला मागता?"

ती माझ्याकडं वळली. "काका, राग नका मानू. बाईंनी त्या दिवशी असंच सांगितलं. म्हणाल्या, समजा दोन जोडपी बागेत भेटली आणि निघताना जोड्या बदलून गेली. आता हे असलं सांगितल्यावर वर्ग गप्प बसतोय व्हय? आम्ही विचारलं एकेकीला, कोणाकोणाला बदलून पाहिजे? निम्म्या वर्गानं हात वर केले. तुमच्या मंडळींनी केला नाही. म्हटलं, ताई, तुम्हाला नको का? तर उठल्या आणि म्हणाल्या, 'माझी अभिक्रियाच व्हायची नाही. आमच्या ह्यांना कोणाच्याही पेल्यात टाका, हे विरघळत नाहीत. हे आधीपासूनच साका आहेत, तळाशी बसलेले.'"

वर्ग हसला. ह्या वेळी कोणी लपवलं नाही. भाजीवाली डोळे पुसत होती, हसूनच का ते मी नीट बघितलं नाही.

"मग मी विचारलं होतं," बाई म्हणाल्या, "तर मग इतकी वर्षं ढवळत कशाला बसलात?"

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या, 'ढवळलं की थोडा वेळ दुधासारखं दिसतं, बाई.'"

मी टेबलावरच्या पेल्याकडं बघत होतो. पांढरं हळूहळू खाली चाललं होतं आणि वर पाणी निवळत होतं. मला राग आला नाही. तिनं उगाच उद्यावर टाकलं. आला असता तर त्या संध्याकाळी आला असता, मेथीतल्या मातीवरून आला तसा, आणि जेवेपर्यंत गेला असता. पण तिला तेवढं ठाऊक होतं, की हे सांगितलं की मी तोंड पाडून बसणार आणि मग धडा बंद. तिला धडा बंद करायचा नव्हता. मलाही नव्हता, पण हे आम्ही एकमेकांना बोललो नाही. असलं बोलायची आमच्यात पद्धत नव्हती.

"कळलं का आता?" बाईंनी विचारलं.

कळलं होतं. चौथी शिकलेल्याला कळेल इतकं सोपं होतं, हसूसुद्धा कळलं होतं. पण हो म्हटलं असतं तर संपलं असतं. मग बस पकडायची, विश्रांतवाडीला उतरायचं, कुलूप काढायचं. मग पोराच्या घरी जायचं आणि एका खोलीत टीव्ही बघत बसायचं. तिथं मला कोणी विचारणार नाही, आज काय, आणि मीही कोणाला विचारणार नाही.

"नाही कळलं," मी म्हणालो.

बाईंनी चष्मा काढला. "काय नाही कळलं?"

"हेच. जोडीदाराचं."

"कळलं नाही, की कळायला नकोय?"

भाजीवाली पटकन म्हणाली, "अहो बाई, आम्हाला तरी कुठं पहिल्या दमात कळलंय!"

"तुमचं मला सांगू नका, तुम्हाला अजूनही कळलेलं नाही." बाईंनी चष्मा परत लावला. माझ्याकडं न बघता पेले उचलायला लागल्या. "उद्या सकाळी या. दहाच्या आत. वर्ग सुरू झाल्यावर दारात उभं राहायचं नाही, सगळ्यांचं लक्ष जातं. आणि घरून खाऊन या. इथं चहापाण्याची सोय नाही."

"बरं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी केली. कालची भाकरी होती ती दुधात कुस्करून खाल्ली. मुलाचा फोन आला, बाबा, कधी येताय? मी म्हणालो, अजून कळलं नाही, वेळ लागेल. बसला गर्दी होती, उभाच गेलो. वर पोचलो तेव्हा बाई फळा पुसत होत्या आणि बायका नुकत्या येत होत्या. भाजीवालीनं तिची पिशवी बाकावरून उचलून मांडीवर घेतली आणि मी तिथं बसलो.

"हं, बोला," बाई म्हणाल्या. "कुठं अडलंय तुमचं?"

"सगळंच," मी म्हणालो. "पहिल्यापासून सांगा."